कवीला पाहिलेल्या माणसांकडे जाताना

चरित्रासाठी मुलाखती घ्यायच्या म्हणून नव्याने या कामात येणाऱ्यांना मी आधी एकच गोष्ट सांगते: डिलन थॉमसला ओळखणाऱ्यांच्या मुलाखती मिळवून वाचा. हा वेल्सचा कवी १९१४ साली स्वॉन्सीत जन्मला आणि नोव्हेंबर १९५३ मध्ये, चाळिशीही न गाठता, न्यूयॉर्कला वारला. कॉलिन एडवर्ड्स हा मूळचा वेल्सचा, पण अमेरिकेत राहणारा पत्रकार. थॉमसचं चरित्र लिहायचं म्हणून १९६० च्या दशकात तो टेपरेकॉर्डर घेऊन हिंडला आणि शंभराहून अधिक जणांना त्याने बोलतं केलं. नातेवाईक, शाळूसोबती, शेजारीपाजारी, पबमधली मंडळी, सगळी. चरित्र मात्र त्याच्या हातून झालंच नाही. टेप्स वेल्समधल्या ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेल्या आणि डेव्हिड एन. थॉमस यांनी त्यांतून २००३ आणि २००४ साली दोन जाडजूड खंड काढले. मी त्याच गावात अभिलेखांचं शिक्षण घेत होते, तेव्हा ते माझ्या हाती लागले. मुलाखत कशी घ्यावी यावरची पाठ्यपुस्तकं त्यानंतर मी फारशी उघडली नाहीत.

‘तो माणूस म्हणून कसा होता?’ हा प्रश्न विचारूच नका. दिलदार होता, अवली होता, मुलखाचा उधळ्या होता, असलीच उत्तरं येतात. त्यापेक्षा समोरच्याला त्याच्या स्वतःबद्दल विचारा. तुम्ही तेव्हा कुठे राहायचात? काम काय करायचात? तो तुम्हाला दिवसाच्या कोणत्या वेळी दिसायचा? ही शेवटची चौकशी फार मोलाची. शेवटच्या वर्षांत थॉमस लार्न नावाच्या खाडीकाठच्या गावात राहत होता. सकाळी आईवडिलांच्या घरी जायचा, वडिलांबरोबर शब्दकोडं सोडवायचा. समोरच ब्राउन्स हॉटेल. तिथे पिणं, गप्पा, गावातल्या भानगडी. दुपारी मात्र तो घराजवळच्या कड्यावरच्या लाकडी खोपटात शिरायचा आणि संध्याकाळपर्यंत एकेका ओळीशी झटत बसायचा. आता सांगा, साक्षीदार कुठल्या थॉमसचे मिळणार? बारमध्ये माणसं होती, खोपटात कोणीच नव्हतं. मुलाखती कितीही गोळा केल्या तरी त्यातून पिणारा थॉमसच भरून येणार. लिहिणारा हवा असेल तर कवितेचे कच्चे खर्डे काढून बसावं लागतं. मुलाखतींच्या भरात हे विसरायला होतं, आणि मग चरित्राची मैफल होते.

आख्यायिकांशी कसं वागायचं, ते अठरा व्हिस्कींच्या गोष्टीवरून शिकावं. मरणापूर्वी काही दिवस थॉमस हॉटेलवर परतला आणि ‘सलग अठरा व्हिस्की झाल्या’ अशी बढाई त्याने मारली, असं सांगतात. जगभर तीच पसरली. त्याचा कवीमित्र रूथवेन टॉड याने साधं काम केलं: न्यूयॉर्कमधल्या व्हाइट हॉर्स या बारमध्ये जाऊन मालकाला आणि बारमनला विचारलं. त्यांच्या हिशोबाने अठराच्या निम्म्याहून जास्त झालेल्या असणं शक्य नव्हतं. शवविच्छेदनात न्यूमोनिया आढळला होता, शिवाय डॉक्टरने मॉर्फिनही टोचलं होतं. तरी अठराच लोकांच्या तोंडी राहिले. कोणी आकडा सांगितला की ग्लास भरणाऱ्याला गाठा; ऐकणाऱ्यांकडे पुन्हा पुन्हा जाऊन काही हाती लागत नाही.

गावाचा अभिमान ही आणखी एक अडचण. ‘अंडर मिल्क वुड’ या त्याच्या नभोनाट्यातलं गाव आमचंच, असं लार्नही म्हणतं आणि न्यू की हे वेल्समधलंच दुसरं किनाऱ्यावरचं गावही. थॉमस १९४४-४५ मध्ये न्यू कीजवळ राहिला होता, तेव्हा दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण ‘त्यातलं अमुक पात्र तुमच्याकडचं का?’ असं विचारलंत तर ‘हो’ येणारच, प्रश्नातच पेढा ठेवलाय. कोण कुठल्या घरात राहायचं, दुकान कोणाचं होतं, एवढंच विचारा. नाटकाचं नावही काढू नका.

लोकांना सन आठवत नाहीत, घटना आठवतात. मार्च १९४५ मध्ये विल्यम किलिक नावाच्या सैन्यातल्या कॅप्टनने थॉमसच्या न्यू कीजवळच्या बंगलीवर गोळ्या झाडल्या. जूनमध्ये खटला होऊन तो निर्दोष सुटला. गावात अशी एक घटना असली की ‘ते गोळीबाराच्या आधीचं की नंतरचं?’ असं विचारता येतं आणि तारीख आपोआप जुळते. पाटण-कराड भागात मी हेच काम कोयनेच्या भूकंपावरून भागवते.

शब्दांकन करताना स्वतःचा प्रश्नही जसाच्या तसा उतरवा, अगदी बावळट वाटला तरी. उत्तर कुठल्या प्रश्नाला आलंय हे कळलं नाही तर पुढच्याला त्या पानाचा उपयोग नाही. आणि पुढचा कोणीतरी असतोच, एडवर्ड्सचं उदाहरण समोर आहे. म्हणून परवानगीच्या कागदावर ‘ही मुलाखत इतर अभ्यासकांनाही वापरता येईल’ अशी ओळ घालून त्याच बैठकीत सही घ्या. माणूस गेल्यावर वारसांच्या दारात ती मागत फिरणं जिवावर येतं, आणि एका घरात चार वारस असले तर विचारूच नका.