गावात 'देवदास' दाखवायचा अन् नंतर त्याच्यावर बोलायचं कसं

आमच्या वर्धेकडे एखाद्या पोट्ट्यानं दाढी वाढवली अन् दोन वेळा ताट सरकवलं की माय लगेच म्हणते, "काऊन रे, देवदास होऊन राहिला काय?" म्हणजे शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची (आपले शरदबाबू) बंगालीत एक कादंबरी १९१७ साली छापून आली, ती आमच्या गावात मोजून चार जणांनी वाचली असंल, पण तिचं नाव घरोघरी टोमणा म्हणून चालते. म्हणूनच कोणी विचारलं की गावात सिनेमा दाखवून मग चर्चा ठेवायची तर कुठला घ्यावा, तर मी हाच सांगतो. जुन्या काळातली प्रेमकथा, पुस्तकावरून केलेली, अन् प्रत्येकाचं मत सिनेमा लावायच्या आधीच तयार. तीन हिवाळे हे करून राहिलो आहे, पहिल्या वर्षी पार फसलं, त्यातून जे शिकलो ते लिहितो.

आधी वेळ बघा, बाकी सगळं नंतर. दिवाळीनंतर कापूस वेचणी जोरात असते, बाया दिवसभर वाकून येतात, स्वयंपाक करतात, त्यामुळे रात्री आठच्या आधी कोणी येणार नाही अन् अकरानंतर कोणी जागणार नाही. दुसरं म्हणजे शेतीची लाइन, म्हणजे शेतातल्या पंपाची वीज. ज्या आठवड्यात थ्री-फेज रात्री येते त्या आठवड्यात ठेवूच नका, कारण हरभऱ्याला ओलीत करायला अर्धे गडी मधूनच उठून जातात, अन् अर्धा सिनेमा पाहिलेला माणूस पुऱ्या सिनेमावर सगळ्यात मोठ्या आवाजात बोलतो. दिवसा लाइन असलेला आठवडा धरा. कच्चा चिवडा अन् चहा पुरतो, जेवण ठेवू नका, जेवण ठेवलं की चर्चा भाजीवरच होते.

आता कोणता 'देवदास'. १९३५ साली प्रमथेश बरुआंनी बंगालीत केला, पुढच्या वर्षी हिंदीत सैगलला घेऊन केला, १९५५ चा दिलीपकुमारचा बिमल रॉय यांनी केला, अन् २००२ चा भन्साळींचा तर सगळ्यांना पाठच आहे. (बिमल रॉय बरुआंच्या त्या जुन्या देवदासचे कॅमेरामन होते, मग वीस वर्षांनी स्वतः करायला घेतला, ही गोष्ट म्हाताऱ्यांना आधी सांगा, ते खुश होतात, लगेच सैगलची गाणी गुणगुणायला लागतात.) माझं मत विचाराल तर १९५५ चा सरस आहे, पण सुरुवात त्याच्यानं करू नका. काळा-पांढरा लावला की पोट्टे मोबाइल काढतात. पहिल्या रात्री २००२ चा लावा, तीन तासांच्या वर आहे, म्हणून मध्ये एकदा थांबवा. दुसऱ्या रात्री १९५५ मधले निवडक तीन-चार प्रसंग दाखवा अन् मग बोला. २००९ चा 'देव डी' पण त्याच गोष्टीवर आहे, पण तो चौकात लावाल तर पुढच्या महिन्यात वाचनालयाची किल्ली मिळायची नाही, ते कॉलेजच्या पोरांनी आपल्या आपल्यात पाहावं.

पुस्तकाचं नीट ऐका, कारण माझं पहिलं वर्ष पुस्तकानंच खाल्लं. शरदबाबूंची पुस्तकं मामा वरेरकरांनी मराठीत आणली, जुन्या वाचनालयाच्या कपाटात एखादी प्रत सापडते, कादंबरी लहान आहे, दोन रात्रीत होते. मी काय केलं, महिनाभर आधी सगळ्यांना वाचा वाचा म्हणत फिरलो. वाचली फक्त आमच्या रिटायर गुरुजींनी. मग सिनेमात पारो (देवदासची लहानपणची) अन् चंद्रमुखी (कोठ्यावरची) दोघी मिळून नाचतात ते गाणं सुरू झालं अन् गुरुजी उभे राहिले, "हे पुस्तकात नाहीच! दोघी कधी भेटतच नाहीत!" मागून बाया ओरडल्या, "बसा नं गुरुजी, दिसून नाही राहिलं!" गुरुजी रागानं चप्पल घालून घरी गेले, अन् ते खरंच बोलत होते हो, कादंबरीत त्या दोघींची भेट नाहीच. पण खरं कधी बोलायचं त्याची पण वेळ असते.

तेव्हापासून मी पुस्तक तिघांनाच देतो, एक म्हातारा माणूस, एक सून, एक कॉलेजचा पोट्टा. तिघांना आधीच सांगतो की चहा होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. आधी ज्यांनी फक्त सिनेमा पाहिला ते बोलतील, त्यांचं पोटभर झालं की मग पुस्तकवाले. उलट केलं तर सिनेमा पाहिलेली माणसं घाबरून गप्प बसतात, त्यांना वाटते आपल्याला काही समजत नाही, अन् मग बोलणारे तेच चार शिकलेले. सून जरूर घ्या त्या तिघांत. सासूसमोर सुनेला एरवी मत नसते, पण "मी वाचलं आहे" म्हटलं की सासू पण ऐकते.

सिनेमा लावायच्या आधी एक काम करा, गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला मालगुजाराचा, म्हणजे जुन्या जमीनदाराचा, वाडा कसा होता ते सांगायला लावा. आमच्या भागात मालगुजारी होती, १९५१ मध्ये गेली, वाडा पाहिलेले अजून आहेत. आमचे एक काकाजी सांगत होते, मोठा वाडा म्हणजे काय, तर कोठ्यात बैल जास्त, धान्याचं पेव मोठं, अन् ओसरीवर आपल्याला चढू देत नव्हते. झालं. त्यानंतर पडद्यावर ते काचेचे महाल अन् हजार दिव्यांची झुंबरं दिसली की लोक आपोआप विचारतात, एवढी जमीन होती तरी किती यांची? कादंबरीतला देवदास खेड्यातला आहे, गावच्या शाळेत खोड्या करणारा, मग शिकायला कलकत्त्याला धाडलेला. सिनेमात तो लंडनहून येतो. आता हे वाईट का चांगलं यावर आमच्याकडे दोन तट पडले. पोट्टे म्हणतात पैसे देऊन पाहायचं तर डोळ्याला काही दिसलं पाहिजे, म्हातारे म्हणतात लंडनहून आलेल्या माणसाला बापाची भीती कशाला. मला दुसरं पटलं, पण पोट्ट्यांना झिडकारू नका, झाडीपट्टीतलं (आमच्या पूर्व विदर्भातलं) नाटक पाहायला हेच म्हातारे रात्रभर थंडीत बसतात ते काय साध्या लुगड्यासाठी बसतात का.

आता मुख्य गोष्ट, पहिला प्रश्न. "कसा वाटला?" हे कधी विचारू नका. त्याला दोनच उत्तरं येतात, "मस्त" नाहीतर "बकवास", अन् मग दोघांची जुंपते, त्यात जुनी पाणंदीची भांडणं निघतात. एक प्रसंग धरा अन् त्यातल्या माणसानं जे केलं ते बरोबर का, एवढंच विचारा. मी कपाळावरच्या खुणेचा प्रसंग धरतो. लग्न ठरल्यावर पारो त्याला तोडून बोलते अन् देवदास तिच्या कपाळावर मारतो, रक्त येते, खूण राहते. कादंबरीत मासे धरायच्या गळाच्या काठीनं मारतो, २००२ च्या सिनेमात तिच्याच हारानं मारतो. काठीचा हार झाला की काय बदलते, हे विचारा. आमच्याकडे एक पोट्टा म्हणाला, "हारानं मारलं तर ते प्रेमातलं वाटते." त्याच्या मागं त्याची मावशी बसली होती, ती म्हणाली, "मारते ते प्रेम व्हय काय? हारानं लागत नाही काय?"

मग एकदम सगळं चिडीचूप झालं.

या ठिकाणी चर्चा चालवणाऱ्यानं काय करायचं ते सांगतो, काही करायचं नाही. कोणाकडे बघायचं नाही, "ताई तुम्ही सांगा" असं तर अजिबात म्हणायचं नाही, कारण सतरंजीवर बसलेल्यांत कोणाच्या तरी कपाळावर तशी खूण असतेच अन् गावाला ती कशाची आहे ते माहीत असते. चहाची किटली फिरवा. थोड्या वेळानं कोणीतरी बोलतेच, अन् बोलते ते बंगालबद्दल बोलते, "त्या काळी तिकडे तसंच असंल", "जमीनदाराचा पोरगा, त्याले कोण अडवणार". बोलू द्या. बंगालच्या अन् शंभर वर्षांपूर्वीच्या नावानं बाया जे बोलून जातात ते आपल्या गल्लीच्या नावानं कधी बोलणार नाहीत, म्हणून मला जुन्या काळातलाच सिनेमा पाहिजे असतो, आजकालचा नाही. मधेच कोणी शहाणा "आपल्या गावात पण..." म्हणून सुरू झाला तर त्याला चिवडा आणायला पाठवा.

दारूचा विषय निघणारच. आमचा वर्धा जिल्हा गांधीजींमुळे दारूबंदीचा, कागदावर. म्हणून देवदास पिऊन पडला की गड्यांच्या बाजूनं "अरेरे" येते अन् बायांच्या बाजूनं काहीच येत नाही. एक मामी म्हणाली, "आमच्या घरी रोज राती देवदास येते, त्याले कोणी सिनेमात घेत नाही." हसून हसून पुरेवाट झाली, तिचा नवरा पण हसला, मग खाली बघत बसला. इथं तुम्ही मध्यस्थी करायला जाल अन् म्हणाल की लेखकाला तसं म्हणायचं नव्हतं, तर तसं करू नका. कादंबरी देवदासला हिरो करत नाही, त्याचं चुकलं ते स्पष्ट दाखवते. पारो राती स्वतः त्याच्या खोलीत येते, इज्जत पणाला लावून विचारते, अन् हा आईबापाचं नाव सांगून मागं सरतो, नंतर पस्तावतो. हे सांगायचं काम सुनेला द्या, तिनं वाचलेलं असते. आमच्या सुनेनं एवढंच सांगितलं, "पिण्याच्या आधीच त्यानं घाण केली, दारू तर मागून आली," अन् बाया अन् गडी दोघं पहिल्यांदा एका बाजूला आले. थोडाच वेळ आले, पण आले.

दुसऱ्या रात्रीसाठी जोडी तयार ठेवा. भन्साळींच्या सिनेमात पारो-चंद्रमुखी भेटतात, बोलतात, नाचतात. १९५५ च्या सिनेमात रस्त्यात एकमेकींसमोरून जातात, बघतात, अन् एक शब्द नाही. हे दोन्ही लागोपाठ दाखवा, आधी नाच, मग रस्ता. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा गुरुजी परत आले होते (मी घरी जाऊन माफी मागून आणलं), अन् मला वाटलं सगळे त्या मुक्या प्रसंगाचं कौतुक करतील. नाही केलं. बायांना नाचच आवडला. एक जण म्हणे, "एका माणसापायी दोघी जन्मभर रडतात अन् एकमेकींशी बोलत पण नाहीत, हे काय भलं आहे का, भेटल्या ते बरं झालं." गुरुजी म्हणाले, पण तेव्हाच्या काळी घरंदाज बाई तिच्या दारात जाणार नाही. ती म्हणाली, "म्हणूनच तर सिनेमात जाऊ द्या." मी १९५५ च्या बाजूचा माणूस, पण या बोलण्यावर मला उत्तर नाही सुचलं. अशा वेळी वैजयंतीमालाची गोष्ट काढा. १९५५ ची चंद्रमुखी तिनं केली, त्यासाठी तिला सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर मिळाला अन् तिनं तो घेतलाच नाही, म्हणे माझी भूमिका दुय्यम नाही. यावर विचारा की मग ही गोष्ट नक्की कोणाची, देवदासची, पारोची का चंद्रमुखीची. अर्धा तास निघतो, अन् भांडण न होता निघतो.

हात वर करून मत घेणं, कोणता सिनेमा जिंकला असलं काही करू नका. लोक मग नातं बघून हात वर करतात. त्यापेक्षा शेवटी कॉलेजच्या पोट्ट्याकडून कादंबरीचं शेवटचं पान मोठ्यानं वाचून घ्या. सिनेमात पारो दाराकडे धावते अन् फाटक लागते, मोठं संगीत, सगळं. पुस्तकात तिला तो मेल्यावर कळते, अन् मग लेखक सरळ वाचणाऱ्याशी बोलतो, असा कोणी अभागी भेटला तर त्याच्यासाठी प्रार्थना करा म्हणतो, मरताना निदान कोणाचा तरी मायेचा हात कपाळाला लागावा एवढंच मागतो. पोट्टा वाचत होता तेव्हा मी मामीकडे बघितलं, ती पदर तोंडाला लावून होती, पण तिनं नंतर कबूल केलं नाही, म्हणे थंडी वाजत होती.

सतरंज्या त्याच राती झटकून ज्याच्या त्याला परत करा, सकाळवर ठेवल्या की दोन कमी भरतात.

यंदा 'परिणीता' घ्यायचा विचार आहे, शरदबाबूंचीच गोष्ट, १९१४ ची, २००५ च्या सिनेमात साठच्या दशकातलं कलकत्ता केलं आहे अन् शेवटी नायक दोन घरांच्या मधली भिंत फोडतो. पुस्तक वाचायला दिलेल्या तिघांपैकी दोघांनी होकार दिला, पण सरपंच म्हणतात दुसरा बघा, गावात सामाईक भिंतीचे तीन दावे सुरू आहेत अन् त्यातले दोन्हीकडचे लोक चर्चेला येतात. मी म्हटलं, दोन्हीकडच्यांना वेगवेगळ्या सतरंजीवर बसवतो.