रोज जवळ बाळगायला रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? परवानाधारकाने कसे ठरवावे

स्वसंरक्षणाचा शस्त्रपरवाना मंजूर झाला की हा प्रश्न येतो आणि बहुतेक जण तो गोळ्यांच्या संख्येवर सोडवतात. रिव्हॉल्व्हरमध्ये सहा, पिस्तुलात आठ, म्हणजे पिस्तूल सरस. माझ्या मते गोळ्यांची संख्या हा सर्वात शेवटी बघायचा मुद्दा आहे. वर्षभरात तुम्ही सराव किती करणार आणि घरी परतल्यावर ते शस्त्र कसे रिकामे करणार, यावर ही निवड व्हायला हवी.

आधी परवाना नीट वाचा

भारतात सामान्य नागरिकाला ९ मिमी, .३८ किंवा .४५५ ही हातशस्त्रे मिळत नाहीत, ती प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीच्या आतले माप) मोडतात. त्यामुळे प्रत्यक्षातली निवड बहुतेक वेळा .३२ च्या रिव्हॉल्व्हर आणि .३२ च्या पिस्तुलातच होते. परवान्यावर शस्त्राचा प्रकार, काडतुसांची मर्यादा आणि परवाना कोणत्या क्षेत्रात चालतो हे लिहिलेले असते. ‘रिव्हॉल्व्हर’ अशी नोंद असताना पिस्तूल आवडले, तर आधी परवाना देणाऱ्या कार्यालयातून, म्हणजे पोलीस आयुक्तालय किंवा जिल्हादंडाधिकारी कार्यालयातून, नोंद बदलून घ्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात, म्हणून ‘दोन्ही घेऊन बघू’ असा विचार करताना घरातली वडिलोपार्जित बारा बोअरही मोजा.

.३२ म्हटले की काडतूस एकच, असे समजू नका

कानपूरच्या सरकारी कारखान्याची रिव्हॉल्व्हर्स .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूस वापरतात. त्याच्या पेंदाला ठळक कड असते. ‘अशनी’सारखे पिस्तूल .३२ एसीपी वापरते, ते आखूड असते आणि त्याची कड जेमतेम बाहेर येते. दोन्ही खोक्यांवर .३२ आणि ७.६५ असे आकडे दिसू शकतात. पिस्तुलाचे काडतूस काही रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमधल्या (काडतुसे बसतात त्या फिरत्या भागातल्या) घरात सरकतेसुद्धा, पण सरकले म्हणून ते उडवू नये. खरेदी करताना काडतुसाचे पूर्ण नाव सांगा आणि पेंदावरचा शिक्का वाचा.

दोन्ही हातात घेऊन बघा

दुकानदाराला शस्त्र रिकामे करून दाखवायला सांगा, मग तुम्ही स्वतः पुन्हा तपासा. रिव्हॉल्व्हरचा घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा भाग) न चढवता, नळी सुरक्षित दिशेला धरून, परवानगी घेऊन ट्रिगर सावकाश दाबा. हा दाब चांगलाच जड असतो, चार-पाच किलोच्या आसपास. बोटात ताकद कमी असेल तर नळी हमखास खाली किंवा बाजूला झुकते. पिस्तुलाचा ट्रिगर साधारणपणे हलका लागतो, पण तिथे कस लागतो तो स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे खेचताना. संधिवात असलेल्या, वयस्क किंवा लहान पंजाच्या व्यक्तीने स्लाइड लागोपाठ काही वेळा पूर्ण मागे खेचून बघावी. ते जमत नसेल तर पिस्तुलाचा विचार सोडून द्यावा. मग ते कितीही देखणे असो.

रिव्हॉल्व्हर-रिव्हॉल्व्हरच्या वजनातही फरक आहे. २०१४ मध्ये आलेले ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर सुमारे ५०० ग्रॅमचे, तर २०२३ मध्ये आलेले ‘प्रबल’ सुमारे ७०० ग्रॅमचे. प्रबलचे सिलिंडर बाजूला उघडते, कानपूरच्या जुन्या नमुन्यांसारखी नळी बिजागरीवर खाली मोडून भरावे लागत नाही. दिवसभर कमरेला ठेवताना हलके बरे वाटते, मात्र गोळी सुटताना हलके शस्त्र हातात जास्त उसळते.

कपड्यात कसे बसते

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार हातशस्त्र सार्वजनिक जागी होल्स्टरमध्ये किंवा तशाच योग्य आवरणात, झाकलेले असावे. ते मिरवणे, रोखून दाखवणे हा गुन्ह्याचा विषय आहे. लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकते.

झाकण्याच्या बाबतीत पिस्तूल जिंकते. ते चपटे असते, रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर मात्र शर्टातून फुगीर दिसते. खोचलेला शर्ट आणि पँट हा रोजचा वेश असेल तर हा मुद्दा महत्त्वाचा, सैल कुर्ता किंवा जाकीट घालत असाल तर फारसा नाही. दोन्हीपैकी काहीही घेतले तरी ट्रिगर पूर्ण झाकणारे कडक होल्स्टर हवे. नुसते खिशात किंवा गाडीच्या कप्प्यात टाकणे नको.

गोळी सुटली नाही तर, आणि नको तेव्हा सुटली तर

इथे मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण खरा फरक इथेच आहे.

काडतूस फुसके निघाले तर रिव्हॉल्व्हरमध्ये ट्रिगर पुन्हा दाबला की सिलिंडर फिरून पुढचे काडतूस येते. पिस्तुलात स्लाइड खेचून ते बाहेर काढावे लागते, आणि भीतीने हात कापत असताना ही हालचाल सरावाशिवाय होत नाही. शिवाय पिस्तूल स्वतःला भरून घेते ते गोळीच्याच जोरावर. काडतूस जुने, ओल लागलेले असले किंवा मनगट सैल पडले, तर स्लाइड अर्धवट अडकते. रिव्हॉल्व्हरही अडकते, कचरा सिलिंडरमागे गेला किंवा गोळी नळीत राहिली तर. मात्र अशा वेळी ते जागच्या जागी सुटत नाही, जाणकार कारागिराकडेच न्यावे लागते.

आता घरातला धोका. पिस्तुलाचे मॅगझीन (मुठीतली गोळ्यांची पेटी) काढले तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, एक गोळी राहू शकते. ‘मॅगझीन काढलंय, रिकामं आहे’ या समजुतीने अपघात होतात. क्रम कायम एकच: आधी मॅगझीन बाहेर, मग स्लाइड खेचून चेंबर मोकळे, मग डोळ्यांनी बघणे आणि बोटाने चाचपणे. रिव्हॉल्व्हर उघडले की सगळी घरे एका नजरेत दिसतात, पण ते आपोआप सुरक्षित होते असे नाही. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली होती. पडल्यावर घोडा अडवणारी यंत्रणा नसलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच गोळ्या भरून घोड्याखालचे घर रिकामे ठेवण्याची रीत आहे, ती पाळावी. आणि घरात लहान मूल असेल तर कुलूपबंद तिजोरी आधी आणा, शस्त्र नंतर.

मग घ्यायचे कोणते

काडतुसे महाग आणि मोजकी मिळतात, नेमबाजीची रेंज बहुतेकांना दूर पडते. त्यामुळे वर्षातून एखाद्या वेळी सराव करणारेच जास्त. अशांनी रिव्हॉल्व्हरच घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. भरणे, रिकामे करणे, तपासणे, सगळे त्यात सोपे आहे. ज्याला रायफल क्लबचे सदस्यत्व आहे, जो प्रशिक्षकासमोर अडकलेले काडतूस काढायचा सराव करतो आणि ज्याला शस्त्र कपड्यांखाली अजिबात दिसू द्यायचे नाही, त्याने पिस्तूल घ्यावे. नवशिक्याने केवळ दोन जादा गोळ्यांसाठी ते घेऊ नये.

विकत घेताना आणि घेतल्यावर

वापरलेले रिव्हॉल्व्हर असेल तर घोडा चढवून सिलिंडर हलवून बघा, ते सैल डुगडुगता कामा नये. नळी मोडणाऱ्या नमुन्यात वरची कडी घट्ट बसते का तेही पाहा. पिस्तुलात मॅगझीनच्या वरच्या कडा वाकलेल्या नाहीत ना, आणि डमी (दारू नसलेली) काडतुसे सरळ आत जातात ना, हे तपासा.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात शस्त्राला आठवड्यातून एकदा तरी कोरडे पुसून तेलाचा पातळ हात द्यावा. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ते रात्रभर ठेवू नये, चामडे ओल धरते आणि गंज तिथूनच सुरू होतो. रोज बाळगलेली काडतुसे पुढच्या सरावात संपवून नवी भरावीत.

निवडणुकीत शस्त्र जमा करण्याची नोटीस आली तर वेळेत जमा करा. पावतीवर शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि पिस्तूल असेल तर मॅगझीन किती, हे सगळे लिहून घ्या, आणि परत घेताना त्याच पावतीशी ताडून बघा.