जीन्सची बैठक आणि गळ्यातली लांबी

जीन्स घ्यायला निघताना पिशवीत दोन वस्तू आठवणीने टाकाव्यात: शिवणकामाची टेप आणि रोज पायांत असणाऱ्या चपला किंवा बूट. जीन्स अंगावर शोभेल की नाही, हे बहुतांशी आपल्या खऱ्या मापावर आणि टाचेसकट आपल्या खऱ्या उंचीवर ठरते. दागिन्यांनाही हाच नियम लागू पडतो, कारण गळ्यातली साखळी नेमकी किती इंचांची आहे हे माहीत असलेल्या बाईला ती कोणत्या कपड्यावर घालावी यासाठी सकाळी आरशासमोर घुटमळावे लागत नाही. म्हणून या लेखात आधी माप, मग कपडा आणि शेवटी दागिना, असा क्रम मी ठेवला आहे.

माझी भाची ठाण्यात नौपाड्यात राहते आणि नोकरीसाठी रोज ऐरोलीला जाते. मागच्या पावसाळ्याआधी तिला नवी जीन्स घ्यायची होती, तेव्हा "मावशी, माझे माप ३० आहे, पंधरा मिनिटांत घेऊन येते," असे म्हणून ती गोखले रस्त्याकडे निघालीही होती. मी तिला थांबवले आणि तिच्या कपाटातल्या तीन जीन्स पलंगावर पसरल्या. तिन्हींवर ३० हाच आकडा होता. बटण लावून, कमरेच्या पट्ट्याची पुढची आणि मागची कड एकमेकींवर नीट जुळवून टेप आडवी धरली आणि आलेला आकडा दुप्पट केला, तेव्हा एक ३१ इंच, दुसरी ३२ इंच आणि तिसरी जवळजवळ ३४ इंच भरली. सर्वांत आवडती अर्थातच ती तिसरी होती. लेबलवरचा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या तक्त्याप्रमाणे घालते, त्यामुळे तो आकडा मनात धरून बसण्यात काही अर्थ नाही. आपल्या आवडत्या, अंगाला सरावलेल्या जीन्सची चार मापे घ्यावीत, म्हणजे पट्टा, मांडीचा घेर, आतल्या शिवणीची लांबी आणि राइज, आणि ती मोबाइलमध्ये लिहून ठेवावीत. दुकानातली कोणतीही जीन्स काउंटरवर पसरून याच चार ठिकाणी मोजता येते, आणि बरेचदा ट्रायल रूमपर्यंत जाण्याचीही गरज उरत नाही.

या चारांपैकी राइजकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. दोन्ही पायांच्या शिवणी जिथे एकत्र येतात तिथपासून पुढच्या बाजूने पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर म्हणजे राइज. ढोबळमानाने ८ इंचांपर्यंत लो राइज, ९ ते १० इंच मिड राइज आणि त्याहून अधिक असेल तर हाय राइज असे म्हणता येईल. परंतु हे आकडे सगळ्यांना सारखे लागू पडत नाहीत, कारण एकीचे धड लांब असते तर दुसरीचे आखूड. घरी खुर्चीवर ताठ बसून कमरेच्या सर्वांत अरुंद भागापासून खुर्चीच्या बैठकीपर्यंत बाजूने माप घ्यावे. ते ज्यांचे जास्त भरते त्यांना हाय राइज बेंबीच्या खाली बसते आणि छान दिसते. ज्यांचे कमी भरते त्यांना तीच जीन्स बरगड्यांपर्यंत येते, जेवल्यावर टोचते आणि धड अधिकच आखूड दाखवते. त्यांनी मिड राइज निवडून वरचा टॉप थोडा आखूड ठेवावा. पोट सुटलेले असेल तर लो राइज टाळावी, कारण तिचा पट्टा नेमका पोटाच्या खालच्या वळणावर बसून वरचा भाग पुढे ढकलतो.

ट्रायल रूममध्ये उभे राहून आरशात पाहणे पुरेसे नाही. मी भाचीला तीन गोष्टी करायला लावल्या आणि त्या मी सर्वांनाच सांगते. आधी खाली बसायचे, पायऱ्यांवर बसतो तसे, आणि मागे पट्टा पाठीपासून सुटतो का हे हात घालून पाहायचे. नंतर एक गुडघा असा उचलायचा की जणू लोकलच्या पायदानावर पाय ठेवतो आहोत; मांडीवर कापड ओढले जाऊन पट्टा खाली सरकला, तर मांडीचा घेर अपुरा आहे. शेवटी सरळ उभे राहून पट्ट्यात दोन बोटे घालायची. दोन बोटे सहज जाऊन किंचित दाब जाणवणे योग्य. पूर्ण हात जात असेल तर जीन्स मोठी आहे.

आरशातल्या सुरकुत्याही वाचायला शिकाव्यात. पुढच्या शिवणीपासून मांड्यांकडे आडव्या, मिशांसारख्या रेषा पसरत असतील तर कापड नितंबांवर किंवा मांड्यांवर कमी पडते आहे. नितंबांच्या खाली कापड सैल लोंबत असेल तर राइज किंवा मागचा भाग जास्त आहे. खिशांची तोंडे उघडी पडत असतील तर एक माप वर जावे. शिंपी जेकब डेव्हिस आणि व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांना २० मे १८७३ रोजी अमेरिकेत ज्या धातूच्या रिव्हेटांचे, म्हणजे ठोकून बसवलेल्या बारीक खिळ्यांचे, पेटंट मिळाले, ती रिव्हेटे खिशांच्या कोपऱ्यांवर बसवली गेली ती तिथेच सर्वांत जास्त ताण येतो म्हणून; आजही ताण पाहायचा असेल तर नजर आधी त्या कोपऱ्यांवर टाकावी.

नितंबांवर आणि मांड्यांवर बरोबर बसणारी जीन्स कमरेत सैल पडते, ही आपल्याकडच्या कितीतरी बायकांची तक्रार असते. अशा वेळी लहान माप घेऊ नये. कमरेत शिंपी मागच्या मधल्या शिवणीतून एक-दीड इंच सहज आत घेऊ शकतो. मांडीत मात्र शिवणीच्या आत जेमतेम अर्धा इंच कापड असते, त्यामुळे तिथे वाढवून मिळत नाही. शरीराच्या सर्वांत रुंद भागाला जीन्स बसवावी आणि बाकीचे शिंप्याकडून करून घ्यावे. भाचीची जीन्स आम्ही अशीच कमरेत सव्वा इंच आत घेतली.

कापडाच्या आतल्या पट्टीवर लिहिलेले प्रमाण जरूर वाचावे. ९८ टक्के सुती आणि २ टक्के इलॅस्टेन (ताणला जाणारा धागा) असेल तर जीन्स चार-पाच तासांत थोडी सैलावते, म्हणून ती घेताना किंचित घट्टच घ्यावी. पूर्ण सुती जीन्स पहिले काही दिवस कडक वाटते, परंतु हळूहळू अंगाचा आकार घेते. ती पहिल्या धुण्यात थोडी आटू शकते, म्हणून एकदा धुतल्याशिवाय तिची उंची कमी करून घेऊ नये. ठाणे जिल्ह्यातलेच उल्हासनगर जीन्सच्या उत्पादनासाठी ओळखले जाते. तिथला किंवा कुठलाही बिनब्रँडचा माल घेताना एकाच गठ्ठ्यातल्या दोन जीन्सही वेगळ्या भरू शकतात, तेव्हा घालून पाहिलेला नगच बांधून घ्यावा. जाड डेनिम आपल्या पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि जमिनीला टेकणारी मोरी, म्हणजे पायाची खालची कड, स्टेशनबाहेरच्या चिखलात भिजून गुडघ्यापर्यंत ओल ओढते. जून ते सप्टेंबर या महिन्यांसाठी हलक्या कापडाची, घोट्याच्या हाडाच्या जरा वर संपणारी एक सरळ जीन्स वेगळी ठेवणे फार सोयीचे पडते. एरवी रुंद पायांच्या जीन्सची उंची चपला घालून ठरवावी आणि मोरी जमिनीपासून साधारण अर्धा इंच वर राहील असे पाहावे.

रंगाबद्दल थोडक्यात: कार्यालयात चालणारी हवी असेल तर गडद, एकसारख्या निळ्या रंगाची घ्यावी. मांडीवर फिकट पट्टे काढलेली जीन्स नजर तिथेच खेचते, मग ते आपल्याला हवे आहे का याचा विचार करावा. मागचे खिसे खूप लहान आणि दूरदूर असतील तर नितंब रुंद दिसतात; ते पुरेसे मोठे आणि मध्याकडे झुकलेले असावेत.

आता दागिने. आपल्या घरांत दागिन्यांविषयी बोलणे वजनावरून सुरू होते, लांबीवरून क्वचितच. १६ इंचांची साखळी बहुतेकींच्या गळ्याच्या हाडाशी बसते, १८ इंचांची त्याच्या जरा खाली, २० ते २२ इंचांची छातीच्या वरच्या भागावर आणि २४ इंचांची त्याहून खाली. परंतु मानेचा घेर प्रत्येकीचा वेगळा, म्हणून साधी सुती दोरी गळ्यात धरून आरशात पाहावे, हवी तिथे गाठ मारावी आणि ती दोरी टेपवर मोजावी. हे माप सराफाला सांगितले की तो एक-दोन इंचांची जोडकडी लावून देतो आणि एकच साखळी दोन लांब्यांवर घालता येते.

कपड्याचा गळा आणि साखळीची लांबी यांचा एकच नियम मी पाळते: दोघींची कड एकमेकींवर येऊ देऊ नये. गोल गळ्याच्या टी-शर्टवर साखळी काठावरच पडली की ती अर्धी आत, अर्धी बाहेर सरकत राहते. ती एक तर पूर्ण वर असावी किंवा काठापासून निदान दीड इंच खाली. व्ही गळ्यात पदक टोकाच्या वर, त्वचेवर विसावले पाहिजे. बंद गळ्याच्या किंवा कॉलरच्या कुर्तीवर लांब साखळी शोभते. गळ्याशी भरतकाम असेल तर गळा मोकळा ठेवून सगळे काम कानांना द्यावे. मंगळसूत्रालाही हेच लागू आहे. रोजच्या वापरासाठी १८ इंचांचे छोटे मंगळसूत्र शर्टाच्या उघड्या गळ्यात सुरेख दिसते. लांब मंगळसूत्र जीन्सवर घालायचे असेल तर त्यासोबत दुसरी साखळी नको.

जीन्सवर पारंपरिक दागिना घालावा की नाही, असे मला अनेकदा विचारले जाते आणि माझे उत्तर ठामपणे होकारार्थी आहे, मात्र एका वेळी एकच. माझ्या आईची ठुशी मी आता पांढऱ्या सुती शर्टावर घालते. ठुशीला मागे सरकती दोरी असते, त्यामुळे ती हवी तितकी वर घेता येते. शर्टाची वरची दोन बटणे उघडी ठेवावीत, ठुशी गळ्याच्या खोलगट भागाच्या जरा वर घट्ट बसवावी आणि गोंडा केसांखाली मागे सोडावा. घट्ट गुंफलेल्या सोन्याच्या बारीक मण्यांची ती एकच रेघ आणि खाली साधा निळा कपडा, इतकेच पुरे असते. कानांत मग मोत्याच्या लहान कुड्या किंवा काहीच नाही. मोहनमाळ, बोरमाळ यांसारख्या लांब माळा साध्या, सैल, एकरंगी कुर्तीवर खुलतात; चिंचपेटी आणि वज्रटीक मात्र मला काठापदराच्या साडीशिवाय आवडत नाहीत.

कानांविषयी एक अनुभव सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दीत माझा लोंबता झुमका शेजारून जाणाऱ्या मुलीच्या ओढणीत अडकला. ती पुढे गेली, मी मागे राहिले, आणि कानाची पाळी फाटता फाटता वाचली. तेव्हापासून प्रवासात मी फिरकीचे, कानाला चिकटून बसणारे दागिनेच घालते आणि झुमके डबीत घालून नेते. लोकलमध्ये सोन्याची साखळी कपड्याच्या आत ठेवावी, हे वेगळे सांगायला नकोच.

बांगड्यांचे माप आपल्याकडे २.४, २.६, २.८ असे सांगतात, पण ते दशांश नव्हेत. बिंदूनंतरचा आकडा सोळांशाचा असतो, म्हणून २.४ म्हणजे सव्वादोन इंच आणि २.८ म्हणजे अडीच इंच आतला व्यास. कीबोर्डवर काम करणाऱ्या बाईने ज्या हातात घड्याळ आहे त्या हातात बांगडी घालू नये, दोन्ही एकमेकांना ओरखडतात. पैंजण घोट्याच्या वर संपणाऱ्या जीन्सवरच घालावेत, नाहीतर मोरीच्या धाग्यांत अडकतात.

आपल्या दमट हवेत घाम हा दागिन्यांचा पहिला शत्रू आहे. चांदी हवेतल्या आणि घामातल्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे काळी पडते. ती घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवावी. नकली दागिन्यांनी कान खाजत असतील तर बहुधा त्यातले निकेल कारणीभूत असते, तेव्हा टायटॅनियमच्या किंवा सोन्याच्या काड्या वापराव्यात. सोने घेताना बीआयएसचे (भारतीय मानक ब्यूरोचे) चिन्ह, शुद्धतेचा आकडा (२२ कॅरेटसाठी ९१६, १८ कॅरेटसाठी ७५०) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, भिंगातून पाहावा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यांवर हा सहा अक्षरी क्रमांक बंधनकारक आहे, आणि बीआयएस केअर अ‍ॅपवर तो तिथेच उभ्या उभ्या तपासता येतो. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्यांना यातून सूट आहे.

मोती सर्वांत शेवटी घालावेत आणि घरी आल्यावर सर्वांत आधी काढावेत, कारण त्यांचा वरचा थर अत्तराने आणि घामाने निस्तेज होतो. मऊ सुती कापडाने पुसून ते वेगळ्या डबीत ठेवावेत. जीन्सचेही रोज धुणे नको. इंडिगो, म्हणजे जीन्सची निळी रंगद्रव्ये देणारी नीळ, धाग्याच्या पृष्ठभागावरच बसलेली असते, म्हणून ती घासली की सुटते आणि नव्या गडद जीन्सचा रंग फिकट पिशवीला किंवा पांढऱ्या कुर्तीला लागतो. मीठ किंवा व्हिनेगर घालून तो पक्का होत नाही. पहिली दोन-तीन धुणी वेगळी, उलटी करून, थंड पाण्यात करावीत, ड्रायर टाळावा, कारण उष्णतेने इलॅस्टेन मरते, आणि जीन्स पट्ट्याकडून धरून गॅलरीत सावलीला वाळत घालावी.