चेक इंजिनचा दिवा आणि उणे चाळीसचा आकडा

आयटीआयला मोटार मेकॅनिकची दोन वर्षं काढून मी कोल्हापुरातल्या एका गॅरेजात लागलो. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावायचा, त्यानं नोंदलेला दोषाचा कोड वाचायचा आणि कोडात ज्या सेन्सरचं नाव येईल तो बदलायचा, की दिव्याचं काम झालं, अशी माझी पक्की समजूत होती. एका गाडीनं ती चार दिवसांत मोडली. या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांसाठी तीच गाडी सविस्तर सांगतो.

२०११ ची पेट्रोल हॅचबॅक, पुणे पासिंग. गगनबावड्याकडच्या एका गुरुजींनी सेकंड हँड घेतलेली. पासिंग कुठलं, हे जुन्या गाडीला आधी बघायचं. धुराच्या प्रदूषणाचा बीएस ४ नियम १ एप्रिल २०१० ला आला तो पुणे, मुंबई, सोलापूर अशा मोजक्या शहरांसाठी, देशभर लागू झाला २०१७ मध्ये. त्यामुळे एकाच सालच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, आणि सेन्सर वेगळे निघू शकतात. त्याआधीच्या कित्येक गाड्यांत तर स्कॅनरची गरजच नसायची. तपासणीच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडायच्या सॉकेटमध्ये, ठरलेल्या दोन पिना वायरनं जोडल्या, की चेक इंजिनचा दिवाच लुकलुकून कोड सांगायचा.

गुरुजींची तक्रार अशी, की पिवळा दिवा जात नाही, इंजिन गार असतानाही रेडिएटरचा फॅन फिरत राहतो, अ‍ॅव्हरेज पडलंय आणि सकाळी गाडी पहिल्या सेल्फला उचलत नाही. मी स्कॅनर लावला. पी ०११८, म्हणजे कूलंटच्या तापमानाच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. लगेच नवा सेन्सर आणला, बसवला, कोड पुसला. दिवा गेला. चौथ्या दिवशी गुरुजी परत दारात, दिवा तसाच.

वस्तादांनी मला शिव्या दिल्या नाहीत. स्कॅनर माझ्याच हातात दिला आणि म्हणाले, "कोड ठेव बाजूला. लाइव्ह डेटातलं तापमान वाच."

उणे ४०.

"मे महिना चाललाय. बोनेटला हात लावून बघ आणि सांग, हा आकडा कुठनं आला?"

तो आकडा सेन्सरनं दिलेला नव्हता. कूलंटचा सेन्सर म्हणजे तापमान वाढलं की रेझिस्टन्स कमी होणारी एक गोळी. ईसीएम तिला ५ व्होल्ट पाठवतो आणि किती व्होल्टेज उरलं त्यावरून तापमान काढतो. वायर तुटली तर ५ च्या ५ व्होल्ट तसेच उरतात आणि ईसीएमला इंजिन प्रचंड गार आहे असं वाटतं. व्होल्टेज जास्त आहे, म्हणजे बहुधा सर्किट कुठंतरी तुटलंय, एवढंच पी ०११८ सांगतो. ते सेन्सरच्या पोटात तुटलंय, कपलरमध्ये की वायरीत, हे त्याला माहीतच नसतं. ईसीएमला खरं तापमान कळेना, की इंजिन तापून बसू नये म्हणून बऱ्याच गाड्यांत तो फॅन सुरूच ठेवतो. गुरुजींच्या फॅनचं कोडं असं सुटलं.

वस्तादांनी सेन्सरचा कपलर काढला आणि त्याच्या दोन पिनांमध्ये वायरचा बारीक तुकडा लावला. वायरिंग धड असेल तर आकडा उणे ४० वरून थेट वरच्या टोकाला उडायला हवा. तसा उडाला तर दोष सेन्सरचा. आमचा जागचा हलला नाही. मग त्यांनी हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हातात धरून ईसीएमच्या दिशेनं वीतवीत वाकवायला सुरुवात केली आणि मला स्कॅनरवर डोळा ठेवायला सांगितलं. बॅटरीच्या ट्रेशेजारी हार्नेस एका ब्रॅकेटवरून वळतो, तिथं हात गेला आणि आकडा १३० च्या वर उडून पुन्हा उणे ४० वर आला. वरचं इन्सुलेशन साबूत होतं. बोटांनी चाचपलं तर एका जागी वायर चपटी, पोकळ लागत होती. ब्लेडनं सोललं, तर आत तांबं हिरवं पडून तुटलेलं. सेन्सर बदलताना माझ्याच हातानं हार्नेस हलला होता, तुटकी टोकं तात्पुरती टेकली होती, आणि घाटातल्या हादऱ्यांनी पुन्हा सुटली होती.

सडलेला तीनेक इंचांचा तुकडा कापून त्याच जाडीची वायर सोल्डर केली, गरम केली की आवळून बसणारी हीट श्रिंक स्लीव्ह चढवली आणि ब्रॅकेटपाशी थोडी ढील ठेवली. खर्च नगण्य. गुरुजींनी मात्र नको असलेल्या सेन्सरचे पैसे आधीच मोजले होते. वस्तादांनी ते मला परत करायला लावले आणि बरोबर केलं.

तेव्हापासून माझा क्रम ठरला. चावी दिली की इंजिन चालू करायच्या आधी डॅशबोर्डचे दिवे नीट बघतो. चेक इंजिन, ऑइल, बॅटरी आणि गाडीत असेल तर एअरबॅग हे सगळे तिथं लागलेच पाहिजेत. जो लागत नाही त्याचा बल्ब गेलाय, किंवा गाडी विकताना कुणी मुद्दाम काढलाय. मग कोड आणि त्यासोबतचा फ्रीझ फ्रेम वहीत उतरवतो. दोष नोंदला तेव्हाचा वेग, आरपीएम, तापमान त्यात असतं आणि कोड पुसला की ते जातं. बॅटरीची वायर काढली तरी बऱ्याच गाड्यांत तेच होतं, म्हणून "बॅटरी काढून बघा" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. त्यानंतर बॅटरी: उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट. जुन्या गाडीत बॅटरी किंवा बॉडी अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची बॉडीला आणि इंजिनला जाणारी जोडणी, कमकुवत असेल तर एकमेकांशी संबंध नसलेले चार-चार कोड येतात. अर्थ तपासताना नुसती कंटिन्युइटी, म्हणजे वायर सलग आहे का एवढंच, बघू नका. सेल्फ मारत असताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंत व्होल्टेज मोजा. अर्धा व्होल्ट पडत असेल तर आधी ती वायर साफ करा.

पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश तपासता येतं. तो लुकलुकत असेल आणि गाडी मिसिंग मारत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनमधून पेटत नसेल, तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो भाजतो. अशी गाडी पळवत आणू नका, असं फोनवरच सांगा.

लाल ऑइलच्या दिव्याला तर थारा देऊच नका. तो तेलाची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो, आणि दाब नसताना बेअरिंग खराब व्हायला वेळ लागत नाही. इंजिन बंद, मग डिपस्टिक काढून तेलाची पातळी बघा. तेल बरोबर असेल तर हा दिवा लावणारा प्रेशर स्विच काढून त्या जागी गेज लावून खरा दाब मोजा. स्विच स्वस्त आहे म्हणून तो बदलून गाडी हातात देणं फार जोखमीचं आहे.

हत्यारांत पहिला पैसा बऱ्या मल्टीमीटरवर घाला. ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर शिकायला पुरतो, पण त्यात एबीएस ब्रेकचे आणि एअरबॅगचे कोड सहसा दिसत नाहीत. बल्बचा टेस्ट लॅम्प हेडलाइटच्या वायरिंगला ठीक, सेन्सरच्या वायरीला लावू नका, ईसीएमला तेवढा करंट सोसत नाही. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला तर काहीच टोचू नका.

गुरुजींची गाडी त्या रात्री आम्ही ठेवून घेतली. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना वस्तादांनी चावी दिली, सेल्फ मारला नाही. रात्रभर उभ्या गाडीत कूलंट आणि आत येणारी हवा यांचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. कूलंट २५, हवा २६. फॅन बंद. मग त्यांनी चावी माझ्याकडे दिली. पहिल्या सेल्फला गाडी उचलली आणि मी आकडा ९० च्या घरात जाऊन फॅन आपोआप फिरेपर्यंत स्कॅनर हातात धरून तिथंच बसलो.