केनियाला जायचं ठरवलंय? आधी उंची बघा

बेळगावातनं बरेच जण हल्ली आफ्रिकेची चौकशी करालेत आणि प्रश्न एकच, मे महिन्यात पोरांना सुट्टी असते तर जाऊन येऊया काय. नको. मार्च ते मे केनियात मोठा पाऊस असतोय, जंगलातले कच्चे रस्ते चिखलात जातात. दसऱ्याची सुट्टी धरा. जुलैपासनं शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतनं मारा नदी ओलांडून आलेले विल्डबीस्टचे (गाईएवढ्या मोठ्या हरणांचे) कळप ऑक्टोबरात बऱ्याचदा अजून मसाई मारा या केनियाच्या अभयारण्यात असतात.

मग नकाशा उघडा आणि जिथं जिथं जायचं त्या गावाची उंची बघा. विषुववृत्त देशाच्या मधनं जातंय म्हणून नुसते सुती कपडे भरले तर नैरोबीत सकाळी कुडकुडाल, कारण ते जवळपास 1,800 मीटरवर आहे, बेळगावच्या दुपटीहून जास्त. माउंट केनिया 5,199 मीटर, तिथं वर बर्फपण आहे. उलट मोंबासा समुद्रकाठी, मे महिन्यातल्या पणजीसारखी चिकचिक. मलेरियाचंपण तसंच, नैरोबीत धोका कमी, किनाऱ्याला आणि व्हिक्टोरिया सरोवराकडं जास्त, त्यामुळं डॉक्टरला नेमकं कुठं जाणार ते सांगून गोळ्या घ्या.

माणसं समजून घ्यायलापण उंची कामाला येते की! रिफ्ट व्हॅली म्हणजे जमीन खचून झालेली लांबलचक दरी, तिच्या कडेला इटेन म्हणून गाव आहे, 2,400 मीटरवर, तिथल्या विरळ हवेत कालेंजिन जमातीची पोरं पळायचा सराव करतात, मॅरेथॉनवाला किपचोगे त्यांच्यातलाच. संख्येनं जास्त किकुयू, ते मधल्या डोंगराळ भागात शेती करणारे, लुओ व्हिक्टोरियाकाठी, मसाई गुराखी दक्षिणेच्या माळावर (फोटो काढायच्या आधी विचारा ओ). आणि आपली माणसं? 1896 ते 1901 मध्ये मोंबासाहून रेल्वे टाकायला हजारो मजूर हिंदुस्थानातनं नेले होते, दुकानदार त्याच्या आधीपासनं होतेच, 2017 ला सरकारनं भारतीय वंशाच्या लोकांना देशातली 44वी जमात म्हणून मान्यता दिली. त्यामुळं नैरोबीत शाकाहारी जेवणाची काळजी नको, चपाती तर तिथल्या घराघरात असते.

फिरताना सगळं एका ट्रिपमध्ये कोंबू नका. नैरोबी, मग नैवाशा सरोवर, तिथं पाणघोडे बघा आणि शेजारच्या हेल्स गेट नॅशनल पार्कमध्ये सायकलवरनं झेब्र्यांच्या मधनं फिरा, ही मजा जीपमध्ये नाही, मग मसाई मारा. फ्लेमिंगोसाठी नाकुरूला जायचं असलं तर आधी चौकशी करा, तळ्याचं पाणी वाढल्यापासनं बरेच पक्षी बोगोरिया तळ्याकडं गेलेत. दिवस उरले तर ट्रेननं मोंबासा, 1593 ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला फोर्ट जीझस बघायला, त्याचा कारभार तेव्हा गोव्यातनं चालायचा.

कागदपत्रात व्हिसाच्या जागी आता ऑनलाइन ईटीए (प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी) काढायचा. पिवळ्या तापाची लस निघायच्या निदान 10 दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा, नाहीतर परत येताना भारतातच 6 दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, सहा-एक तासांचं. कपडे मात्र प्लास्टिकच्या कॅरीबॅगेत गुंडाळून नेऊ नका, 2017 पासनं तिथं बंदी आहे आणि दंड लई मोठा असतोय.