मोरचुदाचे प्रयोग का फसतात? या चुका टाळा

मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट (कॉपर सल्फेट), कृषी सेवा केंद्रात सहज मिळतो, त्याचा निळा रंग डोळ्यांत भरतो आणि प्रत्येक बदल नुसत्या डोळ्यांना दिसतो. म्हणून घरी रसायनशास्त्राचा नाद लागलेला माणूस एकदा तरी त्याच्या वाटेला जातोच. मग पुस्तकात लिहिलंय तसं होत नाही, आणि बहुतेक जण द्रावण मोरीत ओतून मोकळे होतात. तसं करू नका. एक तर तांब्याचे क्षार मासे आणि पाण्यातल्या इतर जीवांना घातक आहेत. दुसरं म्हणजे फसलेल्या प्रयोगात नीट झालेल्या प्रयोगापेक्षा जास्त रसायनशास्त्र असतं. त्याचं कारण हमखास शोधता येतं, फक्त एका वेळी एकच गोष्ट बदलायची शिस्त हवी.

आधी सावधगिरी. मोरचूद पोटात गेला तर विषारी आहे आणि डोळ्यांना इजा करतो. हातमोजे आणि चष्मा वापरा, लहान मुलांसोबत मोठं माणूस हवंच. या कामाची काचेची किंवा प्लॅस्टिकची भांडी वेगळी ठेवा, ती पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नयेत.

खिळा लाल न होता काळा पडला

लोखंडाचा खिळा निळ्या द्रावणात बुडवला की त्यावर तांब्याचा लालसर थर येतो, हे शाळेत सगळ्यांनी शिकलेलं असतं. घरी मात्र अनेकदा काळी, भुसभुशीत पूड जमते. बहुतेक वेळा याचं कारण एकच असतं: खिळ्यावर जस्ताचा मुलामा आहे. पत्रे ठोकायचे खिळे तसेच येतात. जस्त लोखंडापेक्षा जास्त क्रियाशील असल्यामुळे तांबं फार झपाट्याने बाहेर पडतं, आणि इतक्या बारीक कणांचं तांबं डोळ्यांना काळं दिसतं. म्हणजे अभिक्रिया फसलेली नाही, तुम्ही दुसरीच अभिक्रिया पाहताय.

साधा लोखंडी खिळा घ्या, पॉलिश पेपरने घासा आणि साबणाने धुऊन तेलाचा अंश काढा. द्रावण फिकट ठेवा, पेलाभर पाण्याला छोटा पाव चमचा मोरचूद पुरे. दाट द्रावणात रात्रभर ठेवलेल्या खिळ्यावर जाड, सैल थर येतो आणि हात लागला की गळून पडतो. काही मिनिटांतच बाहेर काढा. उरलेलं द्रावण दुसऱ्या दिवशी पिवळट-तपकिरी झालं तर गोंधळू नका. त्यात उतरलेल्या लोखंडाचं हवेतल्या ऑक्सिजनमुळे ऑक्सिडीकरण झालेलं असतं.

हाच प्रयोग आपल्याकडे बागायतदारही करतात. द्राक्षावर आणि सुपारीवर फवारायचं बुरशीनाशक बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना. फ्रान्समधल्या बोर्दो भागात मिलार्दे यांनी ते अभ्यासलं आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. मिश्रण तयार झालं की त्यात घासलेलं लोखंडी पातं किंवा विळा बुडवून पाहतात. पात्यावर लालसर थर आला तर तांबं अजून मोकळं आहे, पानं करपतील, आणखी चुन्याची निवळी घाला. याच कारणाने हे मिश्रण लोखंडी पिंपात करत नाहीत.

ॲल्युमिनियमला काहीच होत नाही

माझ्या मते मोरचुदातलं सर्वांत सुंदर कोडं हे. क्रियाशीलतेच्या क्रमात ॲल्युमिनियम लोखंडाच्याही वर आहे. तरी पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा तुकडा द्रावणात टाकला तर तो तसाच चकचकीत राहतो. घाईत निष्कर्ष निघतो की क्रमच चुकीचा आहे.

आता त्यात चिमूटभर मीठ घाला. थोड्याच वेळात फॉइलच्या कडांना बुडबुडे दिसू लागतात, पेला गरम होतो, फॉइलला भोकं पडतात आणि तळाशी लालसर-तपकिरी तांबं साचतं. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ पण घट्ट पापुद्रा असतो, तो धातूपर्यंत काही पोहोचू देत नाही. मिठातलं क्लोराइड तो पापुद्रा फोडतं. हे खरं कशावरून? दुसऱ्या पेल्यात मिठाऐवजी एप्सम सॉल्ट घालून पाहा. ते मॅग्नेशियम सल्फेट, त्यात क्लोराइड नाही, आणि फॉइल जवळपास जशीच्या तशी राहते. ‘कुठलाही क्षार चालतो’ हा समज तिथेच गळून पडतो.

इथे दोन चुका टाळा. बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, म्हणून झाकणाची बाटली नको आणि जवळ ज्योत नको. रुंद तोंडाचा पेला, फिकट द्रावण, खिडकी उघडी. दुसरी चूक निरीक्षणातली. मीठ जास्त पडलं की निळा रंग हिरवट होतो आणि तांबं संपत आलं असं वाटतं. प्रत्यक्षात तांब्याभोवती पाण्याच्या जागी क्लोराइड येऊन बसलेलं असतं. त्यातलं थोडं द्रावण भरपूर पाण्यात टाका, निळा रंग परत येतो.

उरलेल्या मोरचुदाची विल्हेवाटही याच मार्गाने लावता येते. फिकट द्रावणात मीठ आणि थोडी-थोडी फॉइल टाकत राहा. निळा-हिरवा रंग पुरता गेला की तांबं गाळून घ्या.

तापवताना

निळा मोरचूद हळूहळू तापवला की स्फटिकजल जातं आणि पांढरी भुकटी उरते. पांढरा झाला की थांबायचं. फार तापवला तर तो काळा पडतो आणि घशाला झोंबणारे सल्फरचे ऑक्साइड निघतात. पांढरी भुकटी उघडी ठेवली तर दमट हवेतच निळसर होते. तो मोरचुदाचा दोष नाही.

स्फटिक वाढत नाही

पहिला घोटाळा विद्राव्यतेच्या (किती पाण्यात किती विरघळतं याच्या) कोष्टकात असतो. २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २० ग्रॅम विरघळतो, हा आकडा निर्जल, म्हणजे स्फटिकजल काढलेल्या पांढऱ्या मोरचुदाचा. आपल्या हातातल्या निळ्या खड्यांसाठी तो सुमारे ३२ ग्रॅम आहे, कारण त्यांच्या वजनात ३६ टक्के पाणीच असतं. पहिला आकडा धरून केलेलं द्रावण असंपृक्त राहतं आणि त्यात टांगलेला बी-स्फटिक, म्हणजे ज्यावर मोठा स्फटिक वाढवायचा तो छोटा खडा, रातोरात नाहीसा होतो.

६० अंशांना निळ्या खड्यांचं हे प्रमाण ६२ ग्रॅमच्या आसपास जातं. म्हणून गरम संपृक्त द्रावण थेट फ्रिजमध्ये ठेवलं तर निम्म्याहून जास्त मोरचूद एकदम खाली बसतो, आणि तोही साखरेसारख्या बारीक कणांत. द्रावण खोलीच्या तापमानाला येऊ द्या, दिवसभर मुरू द्या, गाळा आणि मगच बी टांगा. सुती दोऱ्यावर जागोजागी स्फटिक चिकटतात, मासेमारीचा नायलॉन धागा बरा. तोंडावर कागद बांधा, धूळ पडली की प्रत्येक कणावर नवा स्फटिक धरतो.

द्रावण गढूळ दिसत असेल तर नळाच्या जड पाण्याचा दोष असू शकतो. ऊर्ध्वपातित पाणी वापरा आणि व्हिनेगरचे काही थेंब घाला.

ऋतूही पाहा. पावसाळ्यात कोकणात पाणी उडतच नाही, आठवडे गेले तरी स्फटिक तेवढाच. देशावर हिवाळ्यात दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक पडतो. दुपारी स्फटिकाच्या कडा विरघळतात, पहाटे त्यावर वेडीवाकडी भर पडते. भांडं थर्माकोलच्या खोक्यात, घराच्या आतल्या भिंतीशी ठेवा. चांगला स्फटिक हाती आला की टिपून कोरडा करा, नेलपॉलिशचा पारदर्शक हात द्या आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. उघडा राहिला तर कोरड्या हवेत त्यातलं पाणी जातं आणि पृष्ठभाग पांढुरका पडतो.