गच्चीवरून देवयानी टिपायची तर एक फोटो पुरत नाही

मुंबईच्या आभाळात दीर्घिकेचा फोटो घ्यायचा, तर सुरुवात देवयानीपासूनच, म्हणजे अँड्रोमेडा दीर्घिकेपासूनच करा. २५ लाख प्रकाशवर्षं दूर असली तरी आकाशात ती पूर्ण चंद्राच्या सहापट लांब पसरलेली आहे, त्यामुळे दुर्बीण नसली तरी चालते. नोव्हेंबरअखेर रात्री नऊच्या सुमारास ती उत्तरेकडे बरीच वर येते. डोळ्यांनी मात्र शोधत बसू नका, इथल्या उजेडात दिसायची नाही.

ट्रायपॉड, ५० मिमीची लेन्स आणि रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली, कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) एवढं हवं. पृथ्वी फिरते, म्हणून शटर चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त उघडं ठेवलं की तारे रेघोट्या ओढतात. मग उजेड साठवायचा कसा? तेवढ्याच सेकंदांचे दोनशे-तीनशे फोटो घ्या आणि ‘डीप स्काय स्टॅकर’ या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचा. सॉफ्टवेअर तारे जुळवून फोटो रचतं, त्यामुळे दीर्घिकेचा प्रकाश प्रत्येक फोटोत त्याच जागी येतो, कॅमेऱ्याचे ठिपके मात्र जागा बदलतात. सरासरी काढली की ते विरतात. शेवटी लेन्सवर झाकण लावून, सेटिंग न बदलता, वीसेक काळे फोटोही घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण सेन्सरचे कायमचे डाग त्यानेच जातात.

शहराचा पिवळट उजेड असे फोटो रचूनही पुरता जात नाही. त्यासाठी अमावास्येच्या आसपासचा शनिवार गाठून कर्जत लोकलने वांगणी गाठा. लेन्स पुसायला सुती फडकं घ्या, पहाटे दव पडतं.